मजकुराची मर्यादा : विज्ञानविषयक उताऱ्यांतील अनुमानाचा विचार



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य मुलांना वाचावयास आणि वाचलेल्याचा विचार करावयास शिकविण्यात गेले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयाचा मान मिळाल्यावर मी जो विषय आपणापुढे मांडणार आहे, तो त्यांच्या कार्याच्या अगदी गाभ्यातला आहे, असे मी समजतो. विज्ञानविषयक उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे देताना विद्यार्थ्याने अनुमान कसे करावे, कोठवर करावे आणि कोठे थांबावे, हा तो विषय होय.

वरवर पाहता हा प्रश्न परीक्षार्थींपुरता आहे, आणि परीक्षार्थींपुरता जरी तो असता तरी त्याचे महत्त्व कमी ठरले नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्व परीक्षेत योग्यता-चाचणीची दुसरी पत्रिका आणली. जिला उमेदवार ‘सीसॅट’ म्हणतात तीच पत्रिका पुढे महाराष्ट्राच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेतही आली. आणि तिच्यातील प्रश्नांचा मोठा हिस्सा आकलनाच्या उताऱ्यांनी व्यापलेला असतो. २००० सालापासून जगातील अनेक देशांत पंधरा वर्षे वयाच्या मुलांची जी ‘पिसा’ नावाची चाचणी घेतली जाते, तिच्यातही दिलेल्या पुराव्यावरून कोणता निष्कर्ष निघतो हे ओळखण्याची शक्ती विज्ञानाच्या विभागात मुद्दाम तपासली जाते. आपल्याकडील हजारो तरुण ह्या उताऱ्यांशी झगडतात, चुकलेल्या उत्तरापायी मिळालेले गुणही गमावतात, आणि पुष्कळदा असे होते की, ज्याचा विज्ञानाचा व्यासंग अधिक तोच नेमक्या विज्ञानाच्या उताऱ्यावर चुकतो. असे का व्हावे, ह्याचा उलगडा झाला तर परीक्षेपलीकडचेही बरेच काही हाती लागेल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मजकूर आपल्याला जेवढे मानावयास भाग पाडतो तेवढेच मानणे, त्याहून अधिक नाही आणि त्याहून कमीही नाही, हीच सम्यक अनुमानाची एकमेव कसोटी होय. आणि ही कसोटी जशी बुद्धीची आहे तशीच ती शीलाचीही आहे.

कोणताही उतारा समोर आला आणि त्याखाली चार विधाने दिलेली असली, म्हणजे त्या विधानांची वर्गवारी चार प्रकारांत होते. काही विधाने मजकुरात उघड उच्चारलेली असतात. ती उक्त होत. काही उच्चारलेली नसतात, परंतु उच्चारलेल्या गोष्टी खऱ्या मानल्या तर त्यांस खरे मानण्यावाचून गत्यंतर नसते. ती अनुमित होत. काही विधाने मजकुराशी विसंगत असतात. ती त्याज्य होत, आणि ती ओळखण्यास फारशी अडचणही पडत नाही. उरतो तो चौथा प्रकार, आणि सारा घोटाळा तेथेच होतो: ही विधाने मजकुराच्या विरुद्ध नसतात, कदाचित जगात खरीही असतात, ऐकताना पटतातही, परंतु मजकुरातून ती निघत मात्र नाहीत. त्यांना केवळ अविरुद्ध म्हणावे. परीक्षक आपले जाळे ह्या अविरुद्ध विधानांचेच विणतो, कारण जे शक्य आहे ते आणि जे सिद्ध आहे ते ह्यांतील अंतर ज्याला दिसत नाही, त्याला वाचता येते असे म्हणणे कठीण आहे.

आपल्या नैयायिकांनी ह्या अंतराचा विचार फार बारकाईने करून ठेवला आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्यांचे सुप्रसिद्ध अनुमान ज्या आधारावर उभे असते तो आधार म्हणजे व्याप्ती: जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा अपवादरहित संबंध. परंतु हेच वाक्य उलटे फिरवून, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कोणी म्हणू लागला तर नैयायिक त्याच्यापुढे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतात. तेथे अग्नी आहे आणि धूर नाही. अग्नीपासून धूर निघावयाचा तर ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ही जी मध्ये दडलेली अट, तिला त्यांनी उपाधी असे नाव दिले, आणि उपाधीने ग्रस्त असलेला हेतू अनुमानास अपात्र ठरविला. विज्ञानाच्या उताऱ्यावर चुकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका ह्या दोहोंतच मोडतात. उताऱ्यात म्हटलेले असते की अमुक जीवनसत्त्वाच्या अभावी अमुक विकार होतो. विद्यार्थी उत्तर देतो की तो विकार ज्याला झाला त्याला त्या जीवनसत्त्वाचा अभाव आहेच. ही व्याप्तीची उलटापालट झाली. किंवा उताऱ्यात दोन गोष्टी एकत्र वाढताना दाखविलेल्या असतात, आणि दोहोंचे मूळ एखाद्या तिसऱ्याच कारणात असू शकेल हे न पाहता विद्यार्थी एकीला दुसरीचे कारण ठरवून मोकळा होतो. ही उपाधीकडे झालेली डोळेझाक होय.

आता तत्त्वाची चर्चा येथेच थांबवून मी आपणापुढे एक उतारा ठेवतो. तो मी मुद्दाम मुंबईच्या विज्ञानेतिहासातून निवडला आहे, कारण त्यात अनुमानाच्या चुकीची किंमत एका जिवंत माणसाला मोजावी लागलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला, तेव्हा वाल्देमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ शहरात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून लस देशभर जाऊ लागली. ह्या पार्श्वभूमीवर उतारा असा समजा: ‘३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल ह्या खेड्यात १०७ लोकांस प्लेगची लस टोचण्यात आली. ती लस पाच बाटल्यांतील होती. लस टोचून घेतलेल्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही.’

ह्या उताऱ्याखाली चार विधाने आहेत असे धरून चालू. पहिले असे की, प्लेगची लस धनुर्वातास कारण होते. दुसरे, ती बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली होती. तिसरे, ती बाटली खेड्यात उघडताना दूषित झाली. आणि चौथे, ह्या अनर्थाचे कारण त्या एका बाटलीशी निगडित होते. पहिल्या विधानाला मजकुरातील शेवटचे वाक्यच छेद देते, कारण तीच लस इतर बाटल्यांतून ज्यांच्या अंगात गेली ते धनुर्वातापासून मुक्त राहिले. चौथे विधान मजकुरातून निर्विवादपणे निघते. राहता राहिली दुसरी आणि तिसरी विधाने: दोन्ही मजकुराशी जुळतात, दोन्ही शक्य आहेत, आणि नेमक्या ह्याच कारणाने त्यांपैकी एकही सिद्ध नाही, कारण परस्परविरोधी अशी दोन स्पष्टीकरणे जेव्हा एकाच पुराव्याशी सारखीच जुळतात, तेव्हा तो पुरावा त्यांपैकी कोणाच्याही बाजूने साक्ष देत नसतो. विद्यार्थ्याने ही एवढी गोष्ट मनावर कोरून घ्यावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे. एखादे विधान मजकुराशी जुळते का, असे विचारून थांबू नये. ते विधान खोटे मानले तरीही मजकूर जसाच्या तसा खरा राहू शकतो का, असे विचारावे. राहू शकत असेल, तर ते अनुमान नव्हे.

प्रत्यक्षात काय घडले? सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने दुसरे विधान उचलले. बाटली परळहून निघण्यापूर्वीच दूषित झाली होती असा ठपका ठेवण्यात आला, आणि हाफकिन ह्यांना आपल्या पदावरून दूर व्हावे लागले. परंतु उताऱ्यात आणखी दोन वाक्यांची भर घालून पाहा: ‘बाटली उघडतेवेळी डॉक्टरांस लसीला कसलाही वावगा वास आला नाही. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा त्याआधी जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता.’ धनुर्वाताचे जंतू लसीत कित्येक दिवस वाढत राहिले असते तर तीव्र दुर्गंधी सुटावयास हवी होती. आणि धनुर्वाताचे जंतू मातीत वास करतात हेही त्या काळी ठाऊक होते. आता तागडी हलली. दुसरे विधान डळमळीत झाले आणि तिसऱ्याला बळ आले. मलेरियाच्या संशोधनाने कीर्ती पावलेले रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन ह्यांच्यावरील आरोप टिकत नाही असे जाहीरपणे मांडले, आणि अखेर त्यांची निर्दोषता मान्य झाली. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेस हाफकिन ह्यांचेच नाव देण्यात आले. तथापि मधली वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. पुराव्याच्या पुढे धावलेले अनुमान केवळ परीक्षेतील एक गुण घालवीत नाही. ते माणसांची अब्रू आणि आयुष्येही घालविते.

ह्याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की, अनुमानाचे बळ पुराव्याच्या बळाइतकेच असते आणि विधानाची भाषा त्या बळाशी जुळली पाहिजे. ‘बाटली खेड्यातच दूषित झाली’ आणि ‘बाटली खेड्यात दूषित झाली असण्याचा संभव अधिक’ ही दोन विधाने सामान्य वाचकास जवळजवळ एक वाटतात. परंतु वाढविलेल्या उताऱ्यावरून दुसरे निघते आणि पहिले निघत नाही. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘निःसंशय’ हे शब्द विधानात दिसले की मजकुरात त्यांना तोलाचा आधार आहे की नाही हे पाहावे, आणि ‘काही’, ‘बहुधा’, ‘संभव आहे’ हे शब्द मजकुरात असले तर उत्तरात ते गळून पडले नाहीत ना, ह्याची खातरजमा करावी. मात्र सौम्य शब्दांचे विधान तेवढ्यावरून बरोबर ठरते, अशी जी युक्ती शिकविली जाते, तीही खरी नव्हे. बिनचूक मोजमापांनी जे सिद्ध झालेले आहे त्याला ‘कदाचित’ म्हणणे हीही मजकुराशी केलेली बेइमानीच होय. आणि मी प्रारंभी ‘त्याहून कमीही नाही’ असे जे म्हटले, ते ह्याच अर्थाने.

कोष्टके आणि आकडे ज्यांत असतात अशा उताऱ्यांविषयी मी थोडे विस्ताराने बोलणार आहे, कारण तेथे उपाधीचा विचार सर्वाधिक लागतो. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली असता जॉन स्नो ह्या डॉक्टराने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी हे तेथील मृत्यूंचे मूळ असल्याचे दाखविले, आणि त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला, ही हकिकत पुष्कळांनी वाचलेली असते. दांडा काढला आणि साथ थांबली, म्हणून पाणी हेच कारण, असे अनुमान त्यावरून सर्रास काढले जाते. परंतु दांडा काढण्यापूर्वीच मृत्यू ओसरू लागले होते, पुष्कळ लोक ती वस्ती सोडून निघून गेले होते, आणि म्हणून दांडा काढल्याने साथ थांबली असे ठामपणे म्हणता येत नाही, हे स्वतः स्नो ह्यांनीच आपल्या १८५५ च्या ग्रंथात प्रांजळपणे नमूद केले आहे. आपल्या सिद्धान्तास पोषक असा पुरावा हाताशी येत असताना तो अपुरा आहे असे स्वतः सांगणे, ह्याहून मोठे बौद्धिक शील ते कोणते?

स्नो ह्यांचा खरा पुरावा दुसरा होता. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या घरोघर पाणी पुरवीत. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी टेम्सचे पाणी शहराची घाण जेथे मिसळे तेथूनच घेई; लँबेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण शहराच्या वर, स्वच्छ प्रवाहाकडे हलविले होते. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३१५. दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३७. येथे घाईचा वाचक मृत्यूंच्या नुसत्या संख्यांची तुलना करील. सावध वाचक प्रमाण पाहील. परंतु खरा जाणता वाचक त्याहीपुढे जाऊन विचारील की, दोन कंपन्यांची गिऱ्हाइके एकाच प्रकारची होती का? एकीची गिऱ्हाइके गरीब आणि दाटीवाटीने राहणारी, दुसरीची सधन, असे असते तर पाण्याऐवजी दारिद्र्य हेच कारण असू शकले असते. स्नो ह्यांनी ह्याच शंकेचे निरसन केले: पुष्कळ वस्त्यांत दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने जात, आणि श्रीमंत व गरीब, लहान व मोठी अशी सर्व प्रकारची घरे दोहोंकडे सरमिसळ वाटलेली होती. ज्या क्षणी हे वाक्य उताऱ्यात येते, त्या क्षणी उपाधी दूर होते आणि पाण्याच्या उगमाशी मृत्यूचा संबंध असल्याचे अनुमान भक्कम पायावर उभे राहते. तरीही त्या आकड्यांवरून कॉलऱ्याचा जंतू सिद्ध होत नाही. त्याची ओळख रॉबर्ट कॉख ह्यांच्या संशोधनाने पटली ती त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

आणि येथेच व्यासंगी विद्यार्थी का चुकतो ह्याचे उत्तर मिळते. त्याला कॉख ठाऊक असतो, म्हणून स्नोच्या उताऱ्यात त्याला जंतू दिसतो. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली इंग्लंडहून ‘नारकुंडा’ ह्या आगबोटीने परत येत असताना, समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब असे लॉर्ड रॅले ह्यांचे मत त्यांनी निकोल प्रिझमच्या साहाय्याने तपासून पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश त्यांनी त्या साधनाने वगळला, तरी समुद्राची निळाई नाहीशी झाली नाही, उलट ती अधिकच खुलली. एवढाच मजकूर असेल, तर एवढेच सिद्ध होते की केवळ प्रतिबिंबाने त्या रंगाचा उलगडा होत नाही. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हे रामन ह्यांनी पुढे स्वतंत्र प्रयोगांनी आणि गणिताने मांडले. ते सत्य आहे, परंतु ते ह्या उताऱ्याचे सत्य नाही. रामन ह्यांच्या १९३० च्या नोबेल पारितोषिकाची कथा ज्याला तोंडपाठ आहे त्याने उतारा वाचताना आपले ज्ञान टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. शब्दांचे अर्थ आणि सर्वमान्य गोष्टी ह्यांसाठी त्या ज्ञानाचा उपयोग आहेच. परंतु दस्तऐवजावर जे नाही ते मुन्सफाने केवळ स्वतःच्या माहितीवरून निकालपत्रात घालावयाचे नसते. तोच निर्बंध वाचकावर आहे.

अनुमानाच्या जोडीला गृहीतकांविषयी जे प्रश्न असतात, त्यांविषयी एकच उदाहरण पुरे होईल. युरेनस हा ग्रह गणिताने ठरविलेल्या मार्गाने जात नाही असे दिसले, तेव्हा त्याच्यापलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असला पाहिजे असे फ्रान्समधील लव्हेरिए ह्यांनी अनुमान केले, त्याचे स्थान वर्तविले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गॅले ह्यांना नेपच्यून त्या स्थानाच्या अगदी निकट सापडला. पुढे बुधाच्या गतीतही असाच फरक आढळला. लव्हेरिए ह्यांनी १८५९ साली तेच अनुमान पुन्हा केले, आणि बुधाच्या आत सूर्याजवळ एखादा ग्रह अथवा लहान ग्रहांचा समूह असावा असे सांगितले. त्या कल्पित ग्रहास व्हल्कन हे नावही मिळाले, परंतु तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच; १९१५ साली आइन्स्टाइन ह्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीने बुधाच्या गतीचा हिशेब लावून दिला. दोन्ही वेळा तर्काची घडण एकच होती. दोन्ही वेळा त्याच्या मुळाशी, न्यूटनचा नियम अबाधित आहे, हे न उच्चारलेले गृहीतक होते. पहिल्या वेळी ते तगले, दुसऱ्या वेळी कोसळले. पुराव्यावरून खरोखर निघत होते ते एवढेच की, एक तर न दिसलेले वस्तुमान आहे, नाही तर नियमात काही उणे आहे. लेखकाचे गृहीतक ओळखण्याची रीत हीच: ते विधान नाकारून पाहावे, आणि त्यासरशी लेखकाचा युक्तिवाद ढासळत असेल तर तेच त्याचे गृहीतक समजावे.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे आहे. उतारा प्रथम सावकाश वाचा. कोणते वाक्य निरीक्षण सांगते, कोणते लेखकाचे मत सांगते आणि कोणते इतरांचे मत केवळ नमूद करते, हे वेगळे करा. प्रश्न वाचल्यावर विधानांकडे वळण्याआधी आपले उत्तर आपल्या शब्दांत मनात मांडा. आणि निवडलेल्या उत्तरापुढे उताऱ्यातील कोणत्या वाक्याच्या आधाराने ते निवडले हे बोट ठेवून दाखविता आले पाहिजे, असा स्वतःला दंडक घाला. बोट ठेवता आले नाही, तर ते विधान कितीही मोहक असले तरी सोडून द्या. वेळेच्या तंगीमुळे हे साधत नाही अशी तक्रार असते. परंतु सरावाच्या काळात जो सावकाश वाचतो तोच परीक्षेच्या वेळी झपाट्याने वाचू शकतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांवरही तितकीच जबाबदारी आहे. ज्या प्रश्नात दोन विधाने सारखीच समर्थनीय आहेत, अथवा ज्याचे उत्तर मजकुराबाहेरच्या माहितीवाचून देता येत नाही, तो प्रश्न विद्यार्थ्याच्या बुद्धीची कसोटी न घेता त्याच्या नशिबाची घेतो. प्रत्येक विधान का ग्राह्य आणि का अग्राह्य ह्याचे लेखी समर्थन प्रश्नकर्त्याने प्रश्नाबरोबरच तयार करावे आणि ते निकालानंतर प्रसिद्धही व्हावे. त्यामुळे परीक्षेवरील विश्वास वाढेल आणि पुढील विद्यार्थ्यांस त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

शेवटी शिक्षकांना एक विनंती करून मी आपली रजा घेतो. विज्ञानाचा धडा संपल्यावर, ह्यावरून काय सिद्ध होते, असे आपण मुलांना विचारतच असतो. त्याला लागूनच, ह्यावरून काय सिद्ध होत नाही, हा दुसरा प्रश्न विचारण्याची वहिवाट प्रत्येक मराठी शाळेत पाडावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे अनुदान लागत नाही, सरकारी हुकमाचीही वाट पाहावी लागत नाही. अफवा, जाहिराती आणि अर्धवट आकडे ह्यांच्या वर्षावात उद्याचा नागरिक उभा राहणार आहे. त्याला पुराव्याइतकेच बोलण्याची सवय लागली, तर ती त्याच्या गुणपत्रिकेहून अधिक काळ त्याच्या आणि समाजाच्या उपयोगी पडेल. हे काम आपण उद्याच्या तासापासूनच हाती घ्यावे, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.